न्यायाधीशांनी न उच्चारलेली पाच वर्षं

धुळाक्षर

न्यूयॉर्कच्या कोर्टांत मी अधूनमधून दुभाष्याचं काम करतो. हिंदीची बोलावणी बरीच येतात, मराठीचं वर्षाकाठी एखाद-दुसरं. त्यातलाच एक प्रसंग, ओळख पटेल ते तपशील बदलून सांगतो.

पन्नाशी उलटलेला एक मराठी माणूस गुन्हा कबूल करायला उभा होता. न्यायाधीश एकेक गोष्ट विचारत होते, मी मराठीत सांगत होतो, तो मान हलवत होता. मग 'पोस्ट-रिलीज सुपरव्हिजन' आलं. मी म्हटलं, "सुटल्यानंतर पाच वर्षं तुमच्यावर देखरेख असेल." त्याचा चेहरा एकदम सैल पडला. हात जोडून म्हणाला, "बरं झालं साहेब. इथे माझं बघणारं कोणी नाही." आमचं काम कानावर पडेल ते जसंच्या तसं सांगायचं. सांगितलं. त्याच्या वकीलबाईंनी कागदातून मान वर काढली. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली : पॅरोल ऑफिसर असेल, अटी असतील, अटी मोडल्या तर परत तुरुंग. तेव्हा कुठे त्याचे जोडलेले हात सुटले.

घरी येऊन मी या विषयावरचे जुने निकाल वाचत बसलो आणि लक्षात आलं की हा गडी नशीबवान. निदान त्याला कुणी विचारलं तरी.

थोडी पार्श्वभूमी. १९९८ मध्ये न्यूयॉर्कने 'जेनाज लॉ' केला. त्यामुळे ठरावीक मुदतीच्या कैदेला सुटकेनंतरच्या देखरेखीची शेपूट जोडली गेली, बऱ्याच हिंसक गुन्ह्यांत पाच वर्षांची. कायद्याचे शब्द असे की ही देखरेख शिक्षेचाच भाग. पण कितीतरी न्यायाधीश शिक्षा सुनावताना तिचा उल्लेखच करत नसत. माणूस आत जायचा, तुरुंग खात्यात कुणीतरी त्याच्या सुटकेच्या तारखा मांडायला बसायचं आणि देखरेखीची वर्षं आपणच लिहून टाकायचं. न्यायाधीश बोलले नाहीत, वकील बोलला नाही, सरकारी वकील बोलला नाही, आणि पाच वर्षं लागली.

२००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने 'कातू' खटल्यात सांगितलं की कबुली घेण्याआधी देखरेखीची कल्पना दिली नसेल तर ती कबुली टिकत नाही. २००६ मध्ये फेडरल अपील कोर्टाने 'अर्ली विरुद्ध मरे'मध्ये सांगितलं की खात्याने लावलेली देखरेख मुळातच घटनाबाह्य. त्यातल्या अर्ली नावाच्या माणसाने २००० साली घरफोडीच्या प्रयत्नाची कबुली दिली होती आणि न्यायाधीशांनी सहा वर्षं दिली होती. वरची पाच कोर्टाच्या कुठल्याच कागदावर नव्हती.

आता माझं मत. ओळखीत कुणालाही हे सांगितलं की पहिलं वाक्य ठरलेलं : "पण गुन्हा केला होता ना त्याने?" म्हणजे निर्दोष असल्याचं अपील तेवढं खरं, आणि शिक्षेच्या शेपटीबद्दलचं अपील म्हणजे वकिली चाळे. मला हे मान्य नाही. भर कोर्टात तोंडावर सांगितली नाही ती शिक्षाच नव्हे. मग माणूस शंभर टक्के दोषी असला तरी.

उंबरा

प्रसंग छान लिहिलाय, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही.

एक तर जेनाज लॉ कुठून आला ते तुम्ही एका ओळीत उरकलंत. ऑल्बनीत १९९७ मध्ये नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीचा खून झाला. मारणारा आधीच्या हिंसक गुन्ह्यात शिक्षा भोगून, मुदतीआधी बाहेर आलेला होता. तिच्या घरच्यांनी पाठपुरावा केला म्हणून हा कायदा झाला. तुम्ही जिला शेपूट म्हणताय ती पुढच्या मुलीसाठी आहे.

दुसरं, कायदा पुस्तकात छापलेला होता. न्यायाधीश विसरले असतील, कायदा विसरला नव्हता. प्रत्येक शिक्षेत देखरेख आहेच असं विधिमंडळाने लिहून ठेवल्यावर खात्याने ती नोंदवली तर बिघडलं काय? बेरीज केली, एवढंच.

आणि तिसरं, जे मला खरं बोलायचंय. माझा भाऊ पेट्रोल पंपावर रात्रपाळी करायचा. एकाने पिस्तूल दाखवून गल्ला लुटला. पोलिसांनी आठवड्यात पकडला. त्यानंतरचे सात-आठ महिने भाऊ साक्षीच्या विचारानेच झोपत नव्हता. समोर बसून बोट दाखवायचं, तो बघणार, त्याचे मित्र मागच्या बाकावर बसणार. आणि एक दिवस फोन आला, गुन्हा कबूल केला, तुम्हाला यायची गरज नाही. त्या दिवशी भाऊ दुपारी चार वाजता झोपला तो दुसऱ्या दिवशीच उठला. आता तुमच्या 'कातू'प्रमाणे न्यायाधीश एक वाक्य बोलायचं विसरले म्हणून ती कबुली रद्द झाली असती. मग माझ्या भावाला कुणी आणि काय सांगायचं होतं?

पायलीचे_पन्नास

उंबराताईंना +१. चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. इथे चोराला सोडायचं कारण काय, तर न्यायाधीशांनी मंत्रातला एक शब्द गाळला.

टिपकागद

काही वर्षं न्यूयॉर्कमध्ये फौजदारी अपिलांचं काम केलं आहे, बचावाच्या बाजूने. म्हणजे माझा कल कुठे ते आधीच कळेल. पण धाग्यात दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झाली आहे, ती आधी निवडतो.

'कातू'चा प्रश्न कबुलीचा आहे. सौद्यात (म्हणजे गुन्हा कबूल करायचा, बदल्यात शिक्षा कमी) काय मिळणार हे माणसाला पूर्ण सांगितलं नाही, म्हणून सौदाच रद्द. दोषसिद्धी जाते. 'अर्ली'चा प्रश्न शिक्षेचा आहे. दोषसिद्धी जागच्या जागी, फक्त खात्याने चिकटवलेला भाग फुकट. उंबराताईंच्या भावाला पुन्हा बोलवायची वेळ पहिल्यात येते, दुसऱ्यात नाही. त्यांचा राग पहिल्यावर असेल तर समजू शकतो. दुसऱ्यावर असेल तर त्यांनी पुढचं वाचावं.

"खात्याने फक्त बेरीज केली" हा सरकारचा अगदी हाच युक्तिवाद होता. त्यावरचं उत्तर १९३६ चं आहे. मेरीलँडमधला एक खटला, करचुकवेगिरीचा. न्यायाधीशांनी कैद आणि दंड सुनावला. तुरुंगाकडे जाणारा कागद कोर्टाच्या कारकुनाने तयार केला आणि त्यात आपल्या मनाने एक ओळ घातली : दंड भरेपर्यंत याला सोडू नये. बिचाऱ्याने वाईट हेतूने नाही घातली, तिथे तशी पद्धतच होती. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. निकाल न्यायमूर्ती कार्डोझो यांनी लिहिला. सार इतकंच की शिक्षा म्हणजे कोर्टाच्या दप्तरी न्यायाधीशाच्या नावे नोंदलेली तेवढीच, कारकुनाने वाढवलेली ओळ शून्य. 'अर्ली'ने ७० वर्षांनी तेच सूत्र उचललं. कारकुनाच्या जागी तुरुंग खातं, एवढाच फरक.

(गंमत म्हणजे हे कार्डोझो त्याआधी न्यूयॉर्कच्याच सर्वोच्च कोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. आणि या राज्यात सर्वोच्च कोर्टाचं नाव 'कोर्ट ऑफ अपील्स', तर खालचं खटले चालवणारं कोर्ट म्हणजे 'सुप्रीम कोर्ट'. पहिल्या वर्षी मी घरी फोन करून "सुप्रीम कोर्टात उभा राहिलो" सांगितलं होतं. वडिलांनी पेढे वाटले. खुलासा मी अजून केलेला नाही.)

उंबरा

@टिपकागद, वडिलांना सांगू नका, राहू द्या.

खिचडी निवडून दिलीत ते बरं केलंत. ठीक आहे, कारकुनाने शिक्षा वाढवू नये हे मान्य. पण मग इलाज सोपा होता. माणसाला परत कोर्टात आणा, न्यायाधीशांनी राहिलेलं वाक्य बोलावं, विषय संपला. तसं का नाही झालं?

टिपकागद

तसंच झालं. २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने 'स्पार्बर' आणि 'गार्नर' या प्रकरणांत हेच म्हटलं : देखरेख लावायचा अधिकार न्यायाधीशाचा, तेव्हा माणसाला परत आणून नीट शिक्षा सुनवा. मग विधिमंडळाने त्यासाठी खास कायदाही केला. त्यात एक शहाणपणाची खिडकी ठेवली : सरकारी वकिलाची हरकत नसेल तर न्यायाधीश मूळचीच शिक्षा देखरेखीशिवाय कायम करू शकतात. म्हणजे कबुलीही वाचते आणि तुमच्या भावाला बोलवायची वेळही येत नाही.

गोची पुढे झाली. काहींची कैद संपून ते घरी गेले होते, अपिलाची मुदतही कधीच उलटली होती, आणि आता त्यांना बोलावून "तुमची पाच वर्षं राहिलीत" असं सांगण्यात येत होतं. २०१० मध्ये 'विल्यम्स'मध्ये कोर्टाने हे थांबवलं. शिक्षा भोगून बाहेर पडलेल्या माणसाची ती शिक्षा संपली असा भरवसा रास्त आहे, आता वाढवणं म्हणजे एकाच गुन्ह्याला दुसऱ्यांदा शिक्षा.

पायलीचे_पन्नास

म्हणजे सरकार झोपलं, जाग आली तोवर गाडी गेली. फायदा कुणाला झाला तर ज्यांनी लोकांची डोकी फोडली त्यांना. आणि हा विजय म्हणून साजरा करायचा?

धुळाक्षर

@पायलीचे_पन्नास, साजरा कोण करतंय? पण तुम्ही म्हणताय तसं पाहिलं तर सरकारच्या झोपेची किंमत कुणी मोजायची? झोपलेल्याने, की ज्याला कधी सांगितलंच नाही त्याने?

शिवाय खात्याला २००६ मध्ये स्पष्ट सांगूनही देखरेखी चालूच राहिल्या, आणि अटी मोडल्या म्हणून माणसं परत आतही गेली. २०१३ मध्ये त्याच फेडरल अपील कोर्टाला म्हणावं लागलं की 'अर्ली'नंतर अधिकाऱ्यांना नियम माहीत नव्हता ही सबब चालणार नाही. आम्ही दुभाषे एक शब्द चुकलो तर वकील उभे राहतात.

सांजवात

मी सुटून आलेल्या लोकांना कागदपत्रं, काम, घर यासाठी मदत करणाऱ्या गटात दर शनिवारी जाते. इथली चर्चा वाचून थोडं हसू आलं, राग मानू नका. तुम्ही सगळे शिक्षा कुणी उच्चारली यावर भांडताय. देखरेख म्हणजे दिसते कशी, ते कुणी लिहिलंच नाही.

दिसते ती एका कागदासारखी, घड्या पडून मऊ झालेल्या. माणूस तो पाकिटात ठेवतो, कारण कधी कोण विचारेल सांगता येत नाही. परवानगीशिवाय राज्याबाहेर जायचं नाही. ऑफिसर घरी येईल, येऊ द्यायचं, झडती घेऊ द्यायची. गुन्ह्याची नोंद असलेल्यांशी संबंध ठेवायचा नाही. त्याखाली त्या-त्या माणसाच्या खास अटी, बऱ्याचदा रात्री अमुक वाजता घरात.

एकाला गोदामात काम मिळालं. चांगलं, आठवड्याला पगार. गोदाम हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीत. तुम्ही-आम्ही ती नदी जमिनीखालून ट्रेनने ओलांडतो आणि मोबाइलमधून डोकंही वर काढत नाही. त्याला ती सरहद्द. ऑफिसरला फोन, निरोप ठेवा. पुन्हा फोन. ऑफिसर रजेवर. बदली ऑफिसर म्हणतो फाइल माझ्याकडे नाही. परवानगी आली तेव्हा मी त्याला कळवायला फोन केला, तर म्हणाला, "ताई, जागा कालच भरली." ('ताई' मीच शिकवलंय. तो मूळचा डोमिनिकन.)

दुसऱ्याचा सख्खा भाऊ त्याच्या आधी सुटलेला, एकाच आईकडे राहणारा. आता संबंध ठेवायचा नाही म्हणजे ताट एका टेबलावर घ्यायचं की नाही? परवानगी मिळते, नाही असं नाही. पण मागावी लागते, आणि मागेपर्यंत घरी जेवणं हाच गुन्हा.

दोषसिद्धी भूतकाळातली गोष्ट असते. अटी रोज सकाळी उठून नव्याने लागू होतात.

उंबरा

@सांजवात, नदीवालं वाचून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तो ढिसाळ कारभार झाला. ऑफिसर कामचुकार असेल तर अट वाईट ठरत नाही. राज्याबाहेर जाताना सांगून जा, यात अन्याय काय आहे? माझ्या भावाला लुटणारा उठून तीन राज्यं पलीकडे गेला आणि कुणाला पत्ताच नाही, हे चालेल का?

आणि अटी मुळातच जाच असतील तर अपिलात त्या का मांडत नाहीत? टिपकागद, तुमचे लोक नुसते पाच वर्षं उच्चारली की नाही यावरच अपील करतात.

टिपकागद

यात मेख आहे आणि बाहेरच्यांना ती कळत नाही. आतल्यांनाही उशिराच कळते.

न्यूयॉर्कमध्ये देखरेखीची मुदत न्यायाधीश ठरवतात, पण अटी ठरवतं पॅरोल बोर्ड. फौजदारी अपील न्यायाधीशाच्या निकालावर असतं. शिक्षा झाल्यापासून ३० दिवसांत अपिलाची नोटीस द्यायची, मग अपेलेट डिव्हिजनपुढे, म्हणजे राज्याच्या मधल्या अपील कोर्टापुढे, दोषसिद्धी, पुराव्याचं वजन, शिक्षेचा कडकपणा हे सगळं मांडता येतं. शिक्षा कायदेशीर असूनही फार कडक वाटली तर ते कोर्ट ती कमी करू शकतं, देखरेखीच्या मुदतीसह. पण सांजवात म्हणताहेत ती नदीची अट त्या निकालात नसतेच. ती सुटकेच्या वेळी येते, पॅरोलच्या कागदावर. तिच्याविरुद्ध वेगळी वाट, 'आर्टिकल ७८'चा अर्ज, म्हणजे सरकारी खात्याच्या निर्णयाविरुद्धची दिवाणी दाद. मुदत चार महिने. त्या चार महिन्यांत माणूस घर शोधत असतो.

फेडरल खटल्यांत उलट आहे. तिथे अटी न्यायाधीशच घालतात, त्यामुळे दोषसिद्धी आणि अटी एकाच अपिलात येतात. तिथे अपिलाची नोटीस १४ दिवसांत. आणि तिथेही 'उच्चारलं का' हा वाद पोचलाच : २०२० मध्ये रिचमंडच्या फेडरल अपील कोर्टाने सांगितलं की न्यायाधीशाच्या मर्जीतल्या अटी भर कोर्टात बोलल्या पाहिजेत, मागाहून लेखी निकालात उगवता कामा नयेत.

आता 'कातू'बद्दल माझं खरं मत, बचावाचा वकील असूनही. मला तो निकाल थोडा जास्तच उदार वाटतो. देखरेखीचं आधी कळलं असतं तर मी कबुली दिली नसती, हे आरोपीला दाखवावंही लागत नाही. सांगितलं नाही, की संपलं. इथे उंबराताईंचा मुद्दा वजनदार आहे.

पण व्यवहारात काय होतं ते ऐका. एकदा एका अशिलाच्या फायलीत मला हा दोष सापडला. कबुलीच्या वेळचं लेखी कामकाज दोनदा वाचलं, देखरेखीचा शब्द नाही. कच्चा वकील होतो, उड्या मारतच त्याला भेटायला गेलो. म्हटलं, आपण जिंकणार. त्याने शांतपणे विचारलं, "जिंकल्यावर काय?" मी सांगितलं, कबुली रद्द. "आणि मूळ आरोप?" ते परत उभे. "त्यात किती?" पंधरा वर्षांपर्यंत. सौद्यात त्याला पाच मिळाली होती, त्यातली तीन झाली होती. तो म्हणाला, "वकीलसाहेब, एवढं जिंकायचं नाही मला." मुद्दा सोडून दिला. शिक्षा कडक आहे एवढंच अपील केलं आणि हरलो.

पायलीचे_पन्नास

"एवढं जिंकायचं नाही मला". घ्या. म्हणजे तुमचं हे महान तत्त्व स्वतः आरोपीलाच नको होतं.

धुळाक्षर

नको होतं असं नाही. जाळ्यात पाय अडकलेला होता. त्याला न सांगितलेली वर्षं काढून हवी होती, आणि कायदा म्हणत होता की सगळं घर पाड, मगच गळती दुरुस्त होईल. मला वाटतं 'कातू'वर रागावणारे आणि त्याचा फायदा न घेणारे, दोघंही एकाच भिंतीला डोकं आपटताहेत.

सांजवात

एक राहिलं. २०२१ चा 'लेस इज मोर' कायदा कुणीच काढला नाही. सप्टेंबरमध्ये राज्यपाल होकल यांनी सही केली, मार्च २०२२ पासून पुरता लागू. त्याआधी ऑफिसरकडे हजेरी चुकली, वेळेत घरी नाही, असल्या भंगासाठीही माणूस महिनोन्‌महिने आत जायचा. आता बऱ्याच तांत्रिक भंगांना तुरुंग नाहीच, आणि असला तरी ७, १५, फार तर ३० दिवस. आणि ३० दिवस अटी नीट पाळल्या तर देखरेखीतले ३० दिवस कमी होतात. आमच्याकडच्या एकाने भिंतीवर कॅलेंडर लावलंय, रोज खूण करतो. विचारलं तर म्हणतो, मी आता उलटे दिवस मोजतो.

उंबरा

हे मला आवडलं. अगदी मनापासून. नीट वागणाऱ्याला लवकर मोकळं करा, माझं काही म्हणणं नाही.

पण सगळेच कॅलेंडरवाले नसतात. लैंगिक गुन्ह्यांत देखरेख २० वर्षांपर्यंत आणि त्याच्याही पुढे जाते. लहान मुलांवरचे गुन्हे असतील तर शाळेपासून १,००० फुटांच्या आत राहायचं नाही. ही अट कुणाला जाचक वाटते? मला दोन मुली आहेत.

सांजवात

अट कशासाठी आहे ते कळतं. फक्त न्यूयॉर्क शहराचा नकाशा घेऊन प्रत्येक शाळेभोवती १,००० फुटांचं वर्तुळ काढून बघा. मोकळी जागा उरते ती तुकड्यातुकड्यांत, आणि तिथे भाडं परवडेल असं घर, नाहीतर निवारागृहातली खाट मिळायला हवी. ती मिळत नाही म्हणून कैद संपली तरी माणूस आतच.

टिपकागद

पुरवणी जोडतो. हे प्रकरण कोर्टात गेलं. २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने सरकारची बाजू उचलून धरली : योग्य घर मिळेपर्यंत देखरेखीवरच्या माणसाला तुरुंगाच्याच आवारातल्या निवासात ठेवता येतं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातलं एक प्रकरण ऐकायला नकार दिला. मात्र न्यायमूर्ती सोनिया सोतोमायोर यांनी नकारासोबत स्वतंत्र टिपण जोडून या धोरणाबद्दल गंभीर शंका नोंदवली.

म्हणजे उंबराताई, त्या बाबतीत सध्या तुमची बाजू जिंकलेली आहे.

उंबरा

कोठडीतच ठेवायचं असेल तर तेवढी कैद सुनवा ना सरळ. "सुटका" म्हणायचं आणि सोडायचं नाही, हे मला पण नाही पटत. (आता मीच धुळाक्षरांच्या बाजूने बोलले की काय?)

पायलीचे_पन्नास

ताई, पक्षांतर! मी एकटा पडलो.

पण माझा एक खराखुरा प्रश्न आहे, चेष्टा नाही. धुळाक्षर, तुम्ही 'देखरेख' म्हणालात तेव्हा चूक कुणाची? बाळावर देखरेख, आजाऱ्यावर देखरेख, शेतावर देखरेख. आपल्याकडे त्या शब्दात माया आहे. 'पाळत' म्हणायला हवं होतं.

टिपकागद

पाळत चोरून ठेवतात. ही उघड असते. त्यात माणसाला कामाला लावणं, व्यसनमुक्तीला पाठवणं, घर बघणं हेही येतं. निदान कागदावर. 'पाळत' म्हटलं तर सरकारी वकील हरकत घेईल आणि त्याची हरकत बरोबर असेल.

सांजवात

आमच्या गावाकडे सुटून आलेल्याला "चौकीत हजेरी आहे" म्हणत. शब्द लहान, पण कुणी हात जोडले नसते.

धुळाक्षर

हजेरी चांगला आहे, पण अर्धाच. झडती येत नाही त्यात, नदी येत नाही.

चूक माझीच होती. शब्दकोशात बघाल तर देखरेख बरोबर आहे, आणि तरी त्या माणसाच्या कानात चुकीची गेली. दुभाष्याला समजावून सांगायची मुभा नसते. मी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं तर मीही त्या १९३६ च्या कारकुनाच्या रांगेत. एवढं करता येतं की न्यायाधीशांची परवानगी मागून सांगायचं, "या शब्दाला समोरच्या भाषेत नेमका जोड नाही, कृपया अर्थ उलगडावा." त्यानंतर मी दर वेळी हात वर करतो. एक न्यायाधीश आता मला पाहिलं की आधीच उलगडायला लागतात.

@उंबरा, तुमच्या भावाचा प्रश्न मी टाळला, हे मला कळतंय. त्याला कुणी काय सांगायचं होतं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. न्यायाधीशांनी एक वाक्य वेळेवर बोलायला हवं होतं, एवढंच परत म्हणू शकतो.

उंबरा

काल रात्री भावाला हा सगळा धागा वाचून दाखवला. अपिलाबिपिलाबद्दल काहीच बोलला नाही. एवढंच विचारलं, "तो सुटला का गं?" मला माहीत नव्हतं. त्यालाही नाही. इतकी वर्षं झाली.

टिपकागद

ते कळू शकतं. 'व्हाइन' नावाची सेवा आहे, फुकट आहे. नोंदणी केली की कैद्याच्या सुटकेची सूचना फोनवर किंवा ईमेलवर येते. आपोआप होत नाही, नोंदणी स्वतः करावी लागते. आणि आरोपीचं पूर्ण नाव लागेल.

उंबरा

नाव त्याला पाठ आहे. बसतोय आम्ही दोघं आज संध्याकाळी.